कोलंबिया अपघाताचा चौकशी अहवाल, खंड १: नागपुरात छापून घ्यावा का, आणि किती

घ्यावा. फक्त सगळा घेऊ नये, आणि पेनड्राइव्ह पुढे करून "भाऊ, सगळं मारून द्या" असंही म्हणू नये. का, ते पुढे येईलच.

१ फेब्रुवारी २००३ ला नासाच्या शटल ताफ्यातलं कोलंबिया हे अंतराळयान सोळा दिवसांची मोहीम आटोपून परतताना टेक्सासवर फुटलं. तिथे सकाळ होती, आपल्याकडे शनिवारचे संध्याकाळचे साडेसात वाजत आले होते. कर्नालच्या कल्पना चावलासह सातही जण गेले. चौकशीसाठी निवृत्त अ‍ॅडमिरल हॅरॉल्ड गेहमन यांच्या अध्यक्षतेखाली तेरा जणांचं मंडळ बसलं आणि २६ ऑगस्ट २००३ ला, म्हणजे सात महिन्यांच्या आत, त्याने अहवालाचा पहिला खंड दिला. पानं २४८. अमेरिकी सरकारचं प्रकाशन असल्याने पीडीएफ फुकट उतरवून घेता येते. उरलेले पाच खंड त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आले.

हे परीक्षण अंतराळाचा छंद असलेल्यांसाठी नाही. ते या शहरात अपघातानंतर कागद घेऊन बसणाऱ्यांसाठी आहे, आणि असे लोक नागपुरात कमी नाहीत. पेट्रोलियम आणि स्फोटकं सुरक्षा संघटनेचं मुख्यालय इथे, राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय इथे, वेकोलि या कोळसा कंपनीचं मुख्यालय इथे. कोराडी-खापरखेड्याची वीज केंद्रं जवळ, अमरावती रस्त्याला स्फोटकांचा कारखाना, मिहानमध्ये विमानदुरुस्ती. यातल्या प्रत्येक ठिकाणी कधी ना कधी कुणाला तरी "घटनेचं मूळ कारण" या मथळ्याखाली काहीतरी लिहावं लागतं. बहुतेक वेळा तिथे "कामगाराचा निष्काळजीपणा" असं एक वाक्य येतं आणि फाइल बंद होते. ते वाक्य लिहून कसं थांबायचं नसतं, हे शिकायला याहून चांगला दस्तऐवज आमच्या पाहण्यात नाही.

आधी छपाईचं उरकून घेऊ, कारण पैसे तिथेच वाया जातात.

अहवालाचं पान अमेरिकी 'लेटर' मापाचं आहे: २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपलं ए-फोर २१० बाय २९७. "अ‍ॅक्चुअल साइज" वर छापलं तर बाजूचा मजकूर कडेला चिकटतो आणि स्पायरलची भोकं अक्षरांत घुसतात. "फिट" निवडायला सांगा; पान साधारण ९७ टक्क्यांवर येतं, वाचायला काहीच फरक पडत नाही. एका बाजूवर दोन पानं मात्र अजिबात नकोत. मजकूर दोन स्तंभांत, अक्षर आधीच बारीक, आणि मधल्या चौकटींतल्या आकृत्या अर्ध्या मापावर वाचताच येत नाहीत. पाठपोट छापताना "लाँग एज" वर उलटायला सांगा, नाहीतर प्रत्येक मागचं पान डोक्यावर उभं राहतं. १२४ कागदांचा गठ्ठा असा उलटासुलटा झाला की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांचंही डोकं फिरतं.

दुसरा घोळ पान क्रमांकांचा. पानावर छापलेला आकडा आणि पीडीएफमधला क्रम एकच असेल असं धरून चालू नका. पुढचं कव्हर आणि प्रस्तावनेची पानं मोजणीत धरली की आकडे सरकतात. मशीनवर टाकायचा असतो तो पीडीएफमधला क्रम. रंगीत छपाईसाठी छापील आकडा सांगितलात तर प्रकरणाची सुरुवात काळी-पांढरी आणि पुढच्या प्रकरणाची पहिली पानं रंगीत, असा प्रकार होतो. पडद्यावर फाइल उघडून पहिलं आणि शेवटचं पान स्वतः दाखवा.

रंगीत फक्त तिसरं प्रकरण घ्या. संवेदकांचे आलेख, पंखाच्या कडेची चित्रं आणि ढिगाऱ्यातल्या तुकड्यांचे फोटो काळ्या-पांढऱ्यात निरुपयोगी आहेत. त्या प्रकरणाला १०० जीएसएमचा कागद वापरा. नेहमीच्या ७५ जीएसएमवर गडद फोटोंचा मागच्या बाजूला डाग दिसतो आणि कागद वळतो. बाकी सगळं ७५ वर काळं-पांढरं चालेल. बाइंडिंगला १६ मिलिमीटरची स्पायरल पुरते. पुस्तकासारखी गोंदाची बाइंडिंग टाळा. मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिली तर गोंद मऊ पडतो आणि पानं सुटायला लागतात. प्रोजेक्टसारखी सोनेरी अक्षरांची जाड बाइंडिंग छान दिसते, पण टेबलावर सपाट उघडत नाही, आणि हा अहवाल मागची-पुढची पानं पडताळत वाचायचा आहे. बर्डी, रामदासपेठ, व्हीएनआयटीच्या आसपास, कुठेही हे काम होतं. फक्त रंगीत पानाचा दर आधी विचारून घ्या.

आता मालाकडे.

अहवालाचे तीन भाग आणि अकरा प्रकरणं आहेत. पहिला भाग अपघात काय झाला ते सांगतो, दुसरा का झाला ते, तिसरा पुढे काय करायचं ते. भाग पाडण्याची ही रीत साधी दिसते, पण तीच या अहवालाची मोठी ताकद आहे. भौतिक कारण आणि संस्थेतलं कारण हे दोन वेगळे प्रश्न आहेत, दोघांना वेगळा पुरावा लागतो आणि दोघांना सारखंच वजन द्यायचं असतं, हे मंडळाने स्वच्छ लिहिलं आहे. इंधनटाकीवरून सुटलेला इन्सुलेशनचा फेस जितका जबाबदार, तितकीच नासाची कार्यसंस्कृतीही जबाबदार, असं ते म्हणतं. आपल्याकडच्या अहवालांत दुसरा प्रश्न "व्यवस्थापनाने दक्षता घ्यावी" या शेवटच्या ओळीत संपतो. इथे त्याला चार प्रकरणं आहेत.

तिसरं प्रकरण आधी वाचा. पहिली दोन शटलचा इतिहास आणि मोहिमेची हकिकत सांगतात; ओळख नसेल तर चाळा.

भौतिक कारण थोडक्यात असं. उड्डाणानंतर ८१.७ सेकंदांनी बाहेरच्या इंधनटाकीवरचा, यानाला जोडणाऱ्या डाव्या पायाजवळचा इन्सुलेशन फेसाचा एक तुकडा सुटला. तो भाग हाताने फवारून आणि कोरून तयार केलेला होता. ०.२ सेकंदांनी तो डाव्या पंखाच्या पुढच्या कडेवर, उष्णता अडवणाऱ्या आठव्या क्रमांकाच्या कार्बन पॅनेलच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळला. तुकड्याचं वजन सुमारे १.६७ पौंड, म्हणजे पाऊण किलो. फेसाने काय होणार, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात येतोच, आणि तेव्हा नासातही तोच आला होता. त्याचं उत्तर अहवाल हिशेबाने देतो. सुटला तेव्हा तुकड्याचा वेग यानाइतकाच होता. पण हलका असल्याने हवेने त्याला एका सेकंदाच्या सहाव्या भागात रोखलं आणि यान मागून येऊन त्याच्यावर धडकलं. सापेक्ष वेग सेकंदाला ६२५ ते ८४० फूट. चाचणीत वापरलेला ७७५ फुटांचा वेग धरला तर ऊर्जा २१ किलोज्यूलच्या आसपास येते: हजार किलोची मारुती ताशी २३ किलोमीटरने भिंतीला धडकावी तेवढी, आणि तीही वीतभर-दोन वीत जागेत.

या तर्काला पुरावा काय, हे शोधत गेलं की अहवाल किती मन लावून बांधला आहे ते कळतं. मंडळ पाच वाटांनी स्वतंत्रपणे त्याच पॅनेलपाशी पोहोचतं: वायुगतिकी, उष्णतेचं गणित, संवेदकांची कालरेषा, ढिगाऱ्याची जुळणी आणि चित्रीकरण. प्रत्येक वाटेचं स्वतंत्र उपप्रकरण आहे. एकच पुरावा पाचदा मोजलेला नाही.

यातली कालरेषा जवळून पाहण्यासारखी आहे. परतताना यान वातावरणात शिरलं ते ८ वाजून ४४ मिनिटं ९ सेकंदांनी, ४ लाख फुटांवर. ८:४८:३९ ला, म्हणजे २७० सेकंदांनी, डाव्या पंखाच्या पुढच्या कण्यावरच्या एका ताणमापकाने आधीच्या परतींपेक्षा जास्त ताण दाखवला. हा आकडा जमिनीवर येतच नव्हता. तो यानातल्या एका टेपवर नोंदला जात होता, कारण कोलंबिया हे ताफ्यातलं पहिलं यान असल्याने त्याच्या अंगावर चाचणीकाळातले शेकडो संवेदक तसेच राहिले होते. ४८७ व्या सेकंदाच्या आसपास तप्त वायूने अ‍ॅल्युमिनियमचा कणा भेदला आणि मागून जाणाऱ्या तारांचे जुडगे जळायला लागले. नियंत्रण कक्षाला पहिली विचित्र खूण दिसली ती ८:५४:२४ ला: डाव्या पंखातल्या हायड्रॉलिक तापमापकांपैकी चार एकामागून एक तळाला गेले. शेवटचा अर्धवट आवाज ८:५९:३२ चा. पंखात आग शिरल्यापासून जमिनीवर कळेपर्यंत जवळपास पावणेसहा मिनिटं गेली, आणि तो फरक आपल्याला कळतो तो केवळ टेपमुळे. ती १९ मार्चला टेक्सासमध्ये हेम्फिलजवळ सापडली. आपल्या संयंत्रात कुठल्या संवेदकाचा आकडा फक्त स्थानिक नोंदीत राहतो आणि कुठला कंट्रोल रूमपर्यंत येतो, ही यादी ज्यांच्याकडे नाही त्यांनी हे उपप्रकरण दोनदा वाचावं.

कोणती तार कुठून जाते आणि कोणत्या क्रमाने मेली, यावरून आगीची वाट काढण्याची पद्धतही इथे पूर्ण दिली आहे. केबल ट्रेतल्या आगीचा तपास करणाऱ्यांना ती जशीच्या तशी उचलता येईल.

शोधाचा भाग अग्निशमन महाविद्यालयातल्या मुलांनी वाचावा असा आहे. तुकडे शोधायला जंगलातल्या वणव्यांशी लढणाऱ्या पथकांना बोलावलं होतं. ओळीने चालायचं आणि सहा इंच चौरस वस्तू सापडण्याची शक्यता ७५ टक्के राहील इतकं अंतर माणसामाणसांत ठेवायचं, असं लक्ष्य होतं. "कसून शोध घेतला" असं लिहिण्याऐवजी शोधाची पक्की पातळी आधी ठरवून ती आकड्यात लिहायची, हे आपल्या पंचनाम्यात कधी दिसत नाही. २५ हजारांहून जास्त लोक, सुमारे ८४ हजार तुकडे, यानाच्या कोरड्या वजनाच्या (म्हणजे इंधन वगैरे न धरता) ३८ टक्के माल परत मिळाला. या शोधात हेलिकॉप्टर कोसळून दोघे गेले, तेही अहवालात आहे.

जुळणी आणखी सुंदर आहे. तुकडे केनेडी अंतराळ केंद्रातल्या हँगरमध्ये जमिनीवर आखलेल्या जाळीत मांडले, आणि डाव्या पंखाची पुढची कड पारदर्शक साच्यावर उभी केली, म्हणजे आतून आणि बाहेरून दोन्हीकडून पाहता येईल. आठव्या पॅनेलच्या आतल्या बाजूवर वितळलेल्या धातूचा थर होता. क्ष-किरणांनी त्याचे पापुद्रे वाचले: आधी इन्सुलेशनचं मटेरिअल आणि त्याचं इन्कोनेल या मिश्रधातूचं वेष्टण, वर अ‍ॅल्युमिनियम. म्हणजे आधी पॅनेलमागचं आवरण जळलं, मग पंखाचा कणा. ढिगाऱ्यात कुठला थर आधी बसला ते पाहून आगीचा क्रम सांगायचा, ही युक्ती बॉयलरच्या नळ्यांपासून ट्रान्सफॉर्मरपर्यंत कुठेही लागू पडते. त्यासाठी एकच अट: जागा धुण्याआधी, झाडण्याआधी नमुना घ्यायचा. आपल्याकडे नेमकं तेच आधी होतं.

आणि शेवटी चाचणी. ७ जुलै २००३ ला सॅन अँटोनिओतल्या साउथवेस्ट संशोधन संस्थेत नायट्रोजनच्या दाबावर चालणाऱ्या तोफेतून १.६७ पौंडांचा फेसाचा तुकडा खऱ्या आठव्या पॅनेलवर मारला. सुमारे १६ बाय १७ इंचांचं भोक पडलं. त्याआधी सहाव्या पॅनेलवरच्या चाचणीत साडेपाच इंचांची चीर गेली होती. मंडळाचं गणित तोवर पक्कं झालं होतं. तरीही चाचणी केली, कारण फेसाने कार्बन फुटतो यावर कागदावरून कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं. या एका निर्णयासाठी गेहमन मंडळाला पूर्ण गुण.

चौथं प्रकरण कंटाळवाणं आहे आणि तरीही छापून घ्यावं. "हे कारण नव्हतं" अशा गोष्टींची ती यादी आहे: घातपात, अवकाशातलं हवामान, जुन्या तारांचं इन्सुलेशन, वगैरे. संभाव्य कारणं फांद्यांसारखी मांडणाऱ्या अपघाताच्या दोषवृक्षात ३ हजारांहून जास्त फांद्या होत्या आणि त्या एकेक करून बंद केल्या. फांदी बंद करताना काय सापडलं तेही सोडलेलं नाही. बूस्टर सुटताना तुटणारे बोल्ट अडकवणारे डबे या अपघाताला कारणीभूत ठरले नाहीत, पण तपासात निघालं की त्यांना १.४ चा सुरक्षा गुणक हवा होता आणि तो चाचणीत भरत नव्हता. मग "कारण नाही, पण दुरुस्त करा" अशी स्वतंत्र शिफारस. निरीक्षणं कचऱ्यात न टाकण्याची ही सवय घेण्यासारखी आहे.

पाचव्या प्रकरणात पैसे, कंत्राटं आणि १९८६ च्या चॅलेंजर शटलच्या अपघातानंतरची राजकीय ओढाताण. वाचलं नाही तरी सहावं कळतं.

सहावं कळायलाच हवं. मोहीम सुरू असताना त्या सोळा दिवसांत कोणाला काय माहीत होतं आणि कोणी काय ठरवलं, याचा दिवसावार पंचनामा म्हणजे हे प्रकरण. धडक कॅमेऱ्यात दिसली होती; उड्डाणाच्या दुसऱ्या दिवशी चित्रीकरण पाहणाऱ्यांनी ती पकडली. नुकसान पाहण्यासाठी अवकाशातून फोटो काढावेत अशी मागणी तीन वेगवेगळ्या वाटांनी झाली आणि तीनही वेळा ती कुठेतरी विरली. मंडळाने आठ हुकलेल्या संधी मोजून दिल्या आहेत. मोहिमेच्या व्यवस्थापन गटाने रोज बैठक घ्यावी असा नियम होता. सोळा दिवसांत ती पाच वेळा झाली. एका अभियंत्याने लिहिलेली आणि कधीच न पाठवलेली ई-मेल तशीच्या तशी छापली आहे. त्या ई-मेलसाठी तरी हे प्रकरण छापून घ्या.

फेस पडणं हे नवीन नव्हतं. त्याच जागेचा तुकडा आधी सहा मोहिमांत सुटल्याचं माहीत होतं, आणि त्यातली शेवटची, ऑक्टोबर २००२ मधली, कोलंबियाच्या फक्त दोन उड्डाणं आधीची. दरवेळी यान सुखरूप आलं आणि दरवेळी "सुखरूप आलं" हाच सुरक्षिततेचा पुरावा धरला गेला. ऑक्टोबरमधल्या घटनेला "उड्डाणातला दोष" असा दर्जा न देता तपास मार्गी लावायचं एक काम म्हणून सोडलं आणि त्याची मुदत कोलंबियाच्या उड्डाणानंतरची ठेवली. वर अंतराळ स्थानकाचा एक भाग १९ फेब्रुवारी २००४ पर्यंत पोहोचवायचा होता, आणि उरलेले दिवस मोजणारा स्क्रीनसेव्हर व्यवस्थापकांच्या संगणकांवर होता.

नुकसानीचा अंदाज लावायला 'क्रेटर' नावाचं एक सूत्र वापरलं होतं. त्याची चाचणी ३ घन इंचांच्या तुकड्यांवर झालेली. वापरणाऱ्या अभियंत्याने ते त्याआधी फक्त दोनदा वापरलेलं. निष्कर्ष एका स्लाइडवर मांडला. ती स्लाइड आणि तिची चिरफाड छापील पान १९१ वरच्या चौकटीत आहे, आणि हे पान भिंतीवर लावण्याजोगं आहे. वरच्या ठळक मथळ्यातून असं वाटतं की चाचण्यांनुसार टाइल (यानावरची उष्णतारोधक फरशी) भेदली जाण्याबाबत आपण सुरक्षित बाजूला आहोत. खाली बुलेट, त्याखाली उपबुलेट, त्याखाली आणखी बारीक अक्षर, आणि सगळ्यात शेवटच्या पायरीवर: तुकडा १९२० घन इंचांचा, चाचणीतला ३ घन इंचांचा. म्हणजे चाचणीच्या ६४० पट. हा आकडा मथळ्यात असायला हवा होता. पुन्हा ती सगळी चर्चा टाइलची; भोक पडलं ते कार्बनच्या पॅनेलला. सुरक्षा समितीपुढे जी सादरीकरणं जातात ती या पानाशेजारी ठेवून पाहा, दहा मिनिटांत उजेड पडेल.

सातवं आणि आठवं प्रकरण संस्थेच्या मानसिकतेवर. सातव्यात सिद्धांत आहेत. आठव्यात चॅलेंजर आणि कोलंबिया शेजारी ठेवून दाखवलंय की सतरा वर्षांनी तीच चूक नव्या कपड्यांत आली. दोन्हींत पुनरुक्ती फार. वेळ नसेल तर आठवं वाचा, सातव्यातलं पान १९१ तेवढं ठेवा. नववं शटलच्या भवितव्याचं, आज त्याला इतिहासापुरतं महत्त्व. शटल निवृत्त झाली आहे. दहाव्यात किरकोळ निरीक्षणं. अकराव्यात २९ शिफारशी, त्यातल्या १५ पुढच्या उड्डाणाआधी पाळायच्याच.

शिफारशींचा क्रमांक लावण्याची पद्धत मात्र आजच उचला. सापडलेल्या बाबीला एफ, शिफारशीला आर, निरीक्षणाला ओ; मग प्रकरण, उपप्रकरण, अनुक्रम. आर ३.२-१ म्हणजे तिसऱ्या प्रकरणाच्या दुसऱ्या उपप्रकरणातली पहिली शिफारस. मागे जाऊन तिचा आधार एका मिनिटात सापडतो. आपल्या अहवालांत शिफारशी शेवटी एक ते बावीस अशा सलग येतात आणि बारावी कुठल्या पुराव्यावर उभी आहे हे लिहिणाऱ्यालाही आठवत नाही. क्रमांकाची ही पद्धत लावली की आधार नसलेली शिफारस आपोआप उघडी पडते.

आता खोट काढायची तर आहेच.

पहिली, जबाबदार माणूस कोण, याचं उत्तर शोधत आलात तर निराश व्हाल. मंडळाने दोनशेहून जास्त औपचारिक मुलाखती घेतल्या, पण साक्षीदारांचे शब्द गोपनीय राहतील अशी हमी देऊन. लष्करी विमान अपघातांची सुरक्षा चौकशी अशीच चालते. त्यामुळे लोक खरं बोलले, पण शिक्षेसाठी हा कागद उपयोगी नाही. आम्हाला हा सौदा योग्य वाटतो. विभागीय चौकशी आणि सुरक्षा चौकशी एकाच टेबलावर बसवली की दुसरीचं तोंड बंद होतं.

दुसरी, मंडळाच्या स्वातंत्र्याची सुरुवात डळमळीत होती. चौकशीची सनद आधी नासानेच लिहिली होती आणि ती नंतर दुरुस्त करावी लागली. अहवाल हे लपवत नाही, पण त्यावर फार वेळही घालवत नाही.

तिसरी सगळ्यात मोठी. आर ३.२-१ म्हणते की टाकीवरून फेस सुटणं मुळापासूनच बंद करण्याचा जोरदार कार्यक्रम घ्या. जुलै २००५ ला अपघातानंतरचं पहिलं उड्डाण झालं आणि टाकीच्या दुसऱ्याच भागातून फेसाचा मोठा तुकडा सुटला. यानाला लागला नाही हे नशीब. पुढचं उड्डाण जवळपास वर्षभराने, जुलै २००६ मध्ये. एका जागी सापडलेला दोष त्या मटेरिअलचा आहे की त्या जागेचा, हे शिफारस लिहिताना पुरतं सुटलं नव्हतं. शिफारशी लिहिणाऱ्यांनी हे उदाहरण अहवालाला टाचून ठेवावं.

इतर अहवालांशी तुलना करायची तर: चॅलेंजरचा रॉजर्स आयोगाचा अहवाल (६ जून १९८६, पाच खंड) भाषेने जुना, पण रबरी ओ-रिंग आणि थंडीचं प्रकरण त्यात फार नेटकं मांडलंय. त्याचं पहिल्या खंडातलं चौथं ते सहावं प्रकरण आणि भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांनी लिहिलेली पुरवणी एफ, एवढं पुरे. अपोलो-१३ च्या पुनर्विलोकन मंडळाचा १९७० चा अहवाल इलेक्ट्रिकल लोकांसाठी: २८ व्होल्टसाठी बनवलेले थर्मोस्टॅटचे स्विच ६५ व्होल्टवर चालवले गेले, संपर्क चिकटले, हीटर बंदच झाला नाही. ऐकलेली गोष्ट वाटेल, कारण पॅनेलमध्ये ती दर वर्षी होते. इस्रोच्या बाबतीत जे जाहीर होतं ते फार त्रोटक असतं. ऑगस्ट २०२१ च्या जीएसएलव्ही-एफ१० रॉकेटच्या अपयशानंतर झडपेतून गळती होऊन द्रव हायड्रोजनच्या टाकीत दाब कमी पडला एवढं कळलं, पण पुराव्याची साखळी डोळ्यांखालून घालता येत नाही. शिकायचं असेल तर तूर्त परदेशी कागदच हाताशी.

दुसऱ्या खंडातली एक पुरवणी मात्र वेगळी काढून छापा: डी-१३. पहिल्याच आठवड्यात नुकसान कळलं असतं तर काय करता आलं असतं, याचा हिशेब. कार्बन डायऑक्साइड शोषणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे जपून वापरले तर माणसं तिसाव्या दिवसापर्यंत, १५ फेब्रुवारीपर्यंत, तगली असती. जमिनीवर अटलांटिस हे दुसरं शटल तयार होत होतं. चोवीस तास काम केलं तर १० फेब्रुवारीला उडवता आलं असतं. कठीण, पण शक्य, असा निष्कर्ष. दुरुस्तीचा पर्यायही तपासला: केबिनमधली धातूची हत्यारं आणि तुकडे भोकात कोंबायचे, पाण्याच्या पिशव्या ठेवून बर्फ करायचं. फार धोक्याचा, पण कागदावर मांडलेला. आपत्कालीन आराखडे लिहिणाऱ्यांसाठी यातला वेळेचा हिशेब नमुन्यासारखा आहे: कोणती वस्तू आधी संपते, कोणत्या तारखेला, आणि त्याआधी दुसऱ्या टोकाला काय तयार असायला हवं.

शेवटची कुरबुर एककांची. सगळं फूट, पौंड आणि फॅरेनहाइटमध्ये, त्यामुळे दर पानाला हिशेब करावा लागतो. आतल्या कव्हरवर एवढं चिकटवून टाका: फेसाचा तुकडा १.६७ पौंड म्हणजे ७५७ ग्रॅम. चाचणीचा वेग ७७५ फूट प्रतिसेकंद म्हणजे ताशी ८५० किलोमीटर. भोक १६ बाय १७ इंच म्हणजे ४१ बाय ४३ सेंटिमीटर. ४ लाख फूट म्हणजे १२२ किलोमीटर. पंखाच्या कडेचं तापमान ३ हजार फॅरेनहाइट म्हणजे साधारण १६५० सेल्सिअस. वेळा अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या आहेत. आपली वेळ काढायला साडेदहा तास मिळवायचे.